मगरीच्या शेपटीखालची जागा

भटूअप्पांना एखादी सही दाखवली, की ती कुणाची हे ते विचारत नाहीत. ती कुठे केली आहे ते बघतात. माझ्या मुलाच्या बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर प्राचार्यांनी थेट शिक्क्यावरच सही केली होती. घरातले सगळे 'प्रथम क्रमांक' वाचत होते. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, प्रमाणपत्र नाकाशी धरलं आणि म्हणाले, "मास्तरनी एकच फलाटवर दोन गाड्या लावी दिन्यात!" मुलाचा पेढा हातातच राहिला.

फलाट आणि गाड्या त्यांच्या बोलण्यात येणारच. ते नंदुरबारच्या बस स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. लोखंडी जाळीमागे बसून कोणती गाडी कुठे लागणार हे भोंग्यावरून सांगण्यात सगळी नोकरी गेली. "पह्यले फलाट, मंग गाडी," हे वाक्य ते मेथीची जुडी निवडताना म्हणतात आणि इंजेक्शन घेताना नर्सलाही ऐकवतात.

त्यांच्या घरासमोर माझं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यांवर नावं टाकायचं यंत्रही मीच चालवते. त्यामुळे नावाची जागा कळणारी माणसं गावात दोनच, ते आणि मी, असं अप्पांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. माझं ज्ञान तसं थोडकं. नाव काठाखाली टाकावं, बुडाला टाकलं तर आच खाते. लग्नाच्या गर्दीत बाईला आपला तांब्या ओळखता आला, की माझं शास्त्र संपलं. अप्पांचं तिथून पुढे सुरू होतं.

कारण त्यांचा जीव कॉमिक्समध्ये. स्थानकावरच्या पुस्तकवाल्याकडे गठ्ठा आला, की सुतळी सुटायच्या आत अप्पांचा हात आत जायचा. अजूनही लोखंडी कपाट भरून कॉमिक्स आहेत. प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी, कप्प्याकप्प्यात कडुलिंबाचा पाला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सुरतेला असते, ती फोनवर म्हणते, "पप्पा, ते रद्दीत द्या आणि इकडे या." पारावरची माणसं कापसावर आणि निवडणुकीवर बोलतात. मग अप्पा माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतात आणि मी नावं कोरत असताना कॉमिकवर चित्रकाराने सही कुठे करावी याचं शास्त्र मला सांगतात.

"नायकना तोंडवर सही? ताई, नवरदेवना तोंडवर कोनी पोस्टर लावस का?"

"आतल्या पानावर केली तर?"

"मंग घरनी पाटी सैपाकघरमा लावा!"

"मागच्या बाजूला भरपूर जागा असते की."

"मांगे दंतमंजननी जाहिरात शे. लोके म्हनतीन, मंजनवालानी सही शे."

पिनेजवळ नको, गंज चढतो. घडीवर नको, शाई तडकते. एवढं सगळं शास्त्र, आणि कपाटात सही असलेलं एकही कॉमिक नव्हतं! चित्रकार सगळे लांबच्या मोठ्या शहरांतले. ते कशाला इकडे येतील?

पण एक जण आला होता. जवळच्या रनाळे गावच्या एक बाई मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "माझे वडील पुण्याला चित्रकार होते. लकवा झाला तेव्हापासून आमच्याकडेच असतात." आणि त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं. स्टुलावरचे अप्पा उठले आणि चपला न घालता रस्ता ओलांडून घरी गेले. परत आले तेव्हा छातीशी एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यातल्या कॉमिकच्या मुखपृष्ठावर मुखवटा घातलेला एक धिप्पाड माणूस नुसत्या हातांनी मगरीचा जबडा फाडत होता.

"हे त्यांचंच," बाई म्हणाल्या. "ही मगर माझ्या लहानपणी आमच्या भिंतीवर होती."

त्या दिवसापासून माझ्या दुकानाला शांतता नाही. अप्पांनी मुखपृष्ठावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने चौकोन आखले. मगरीचं पोट पांढरं होतं, पण तिथे पंजा आडवा येत होता. आकाशाला वरून पुस्तकाचं नाव चिकटलेलं. माझ्या नवऱ्याने सुचवलं, "जबड्यात करा, तिथं जागा मोकळी आहे." दोन दिवस अप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. अखेर जागा ठरली. मगरीच्या शेपटीखाली, फिकट पाण्याचा एक पट्टा.

सही हलू नये म्हणून त्यांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला तेवढीच खिडकी पाडली. पुठ्ठा पुस्तकावर ठेवायचा, खिडकीत सही करायची. पेन पाण्याच्या शाईचं, कारण स्पिरिटची शाई जुन्या कागदातून पार पलीकडे उतरते. माझ्या नव्या ताटलीवर पुठ्ठा ठेवून त्यांनी रंगीत तालीमही केली. पेनाचे ओरखडे उठले, म्हणून ताटली मग मीच वापरायला घेतली.

भांडी पोचवायला मी टेम्पोने रनाळ्याला निघाले, तेव्हा अप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात पातेल्यांच्या मधोमध बसले. मांडीवर कॉमिक, त्यावर पुठ्ठा, खिशाला पेन. वाटेत एकदाही बोलले नाहीत. मला काळजीच वाटली.

तिथे मात्र त्यांना वाचा फुटली. ओसरीवर खाटेवर बसलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी अप्पा पुस्तकी मराठीत बोलायला लागले. नायकाचा अंगरखा तिसऱ्या भागापासून निळा का झाला? ("छापखान्यात लाल शाई संपली होती.") घोड्याचे मागचे पाय नेहमी गवतात का असतात? ("मला घोड्याचे पाय जमत नसत!") दोघेही असे हसत होते की नवरी मेंदीचे हात वर धरून बघायला आली. अप्पा बोलताहेत आणि समोरच्या माणसाला सगळं कळतंय, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मग अप्पांनी सहीचं विचारलं. बाईंचा चेहरा उतरला. "नाही हो अप्पा. बाबांचा हात चालत नाही आता. बँकेतसुद्धा अंगठा देतात."

अप्पा लगेच म्हणाले, "राहू द्या, राहू द्या." पण ते गृहस्थ ताठ झाले. "कुठे करायची म्हणता?"

अप्पांनी घाईघाईने पुठ्ठा कॉमिकवर ठेवून खिडकी दाखवली. "इथे. मगरीच्या शेपटीखाली."

"आयुष्यभर मगरी काढल्या," ते म्हणाले, "पण ही जागा मला कुणी दिली नव्हती. द्या ते पेन."

ते सही करत होते तेव्हा ओसरीवर कुणी हललं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, ओठ दातांत, कपाळावर घाम. एक वेलांटी काढायची, थांबायचं, दम घ्यायचा. आणि मला खिडकीत काहीतरी चमकताना दिसलं. शाई कागदात मुरत नव्हती, थेंबाथेंबाने उभी राहत होती. अप्पा गडबडीत कॉमिक पिशवीतून काढायला विसरले होते! पुठ्ठ्याखाली पिशवी झाकली गेली आणि सही प्लास्टिकवर चालली होती.

मी तोंड उघडलं. "अहो, ते प्लास..." अप्पांची टाच माझ्या पायावर पडली. त्यांनीही पाहिलं होतं.

शेवटची रेघ ओढून ते गृहस्थ मागे टेकले. "जमली," ते मुलीला म्हणाले. "बघ, जमली की गं!" बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"अगदी जागेवर लागली, साहेब," अप्पा भोंग्यावरच्या आवाजात म्हणाले आणि पुठ्ठा न उचलता कॉमिक दोन्ही हातांवर आडवं घेऊन टेम्पोत येऊन बसले.

रनाळ्याचा रस्ता कसा आहे ते तिथल्या लोकांना विचारा. पहिल्या खड्ड्यात आडनाव गेलं. अप्पांनी पुठ्ठा उचलेपर्यंत सगळी सही मिळून एक निळा थेंब झाला आणि पिशवीच्या तोंडाकडे सरकायला लागला. आत जाऊन कागद भिजला असता. अप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच तो टिपून घेतला.

मी म्हटलं, "असं काय करता? टेम्पो वळवू. दुसरी मागू, त्यात काय लाजायचं?"

"नको वं ताई. त्यासले वाटी ऱ्हायनं ना, सही जमनी म्हनीसन? वाटू दे."

लग्न आटोपल्यावर एका डब्याचं झाकण बदलायचं म्हणून त्या बाईंचा फोन आला. झाकणाचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "बाबा रोज पेपरच्या समासात सह्या करत बसतात हो. आधीपेक्षा बऱ्या येतात. अप्पांना सारखे विचारतात. म्हणतात, ते कॉमिक घेऊन या एकदा, मला माझी सही बघायचीय."

अप्पा स्टुलावरच होते. मी फोनवर हात ठेवून सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता तर हात चालायला लागलाय. आजच जा."

"पिशवी कोरी शे, ताई. मी गऊ तर त्यासले समजी जाई."

"मग कधीच जाणार नाही का?"

ते स्टुलावरून उठून बाहेर गेले. मी बाईंना 'सांगते त्यांना' म्हणून फोन ठेवला आणि डब्यावर नाव टाकायला घेतलं. थोड्या वेळाने समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात त्यांचा आवाज ऐकू आला. कागदाचा गठ्ठा मागत होते, रनाळ्याच्या गाडीने साहेबांना पाठवायला. दुकानदाराने फुलस्केप काढले.

"रेघासना नको," अप्पा म्हणाले. "कोरा दे. कोरा कागदवर सही कोठेबी चालस."