ओदीलबाई उभ्या राहतात

प्रुव्हो महाशय कोचावर पडल्या पडल्या म्हणाले, "आईची छत्री हरवली तेव्हा मला खरं तर आनंदच—" आणि ओदीलबाई उभ्या राहिल्या. झालं. प्रुव्हो महाशयांनी पुढचे शब्द गिळले, कोट चढवला, बाईंशी हात मिळवला आणि मुकाट्याने जिना उतरून गेले.

आता कुणाला वाटेल की बाईंना कुठे जायची घाई होती. तसलं काही नाही. ओदीलबाई ज्या पंथाच्या मनोविश्लेषक होत्या, त्या पंथात घड्याळाकडे बघायचंच नसतं. समोरचा बोलत राहतो, आपण डोक्यामागच्या खुर्चीत गप्प बसायचं, आणि त्याच्या तोंडून काही मोलाचं निसटलं रे निसटलं की उभं राहायचं. बैठक संपली. राहिलेलं अर्धं वाक्य त्याने घरी न्यायचं आणि पुढच्या मंगळवारपर्यंत चघळत बसायचं. पॅरिसमध्ये निम्म्या शिकलेल्या लोकांनी अशी अर्धी वाक्यं चघळलेली आहेत, त्यामुळे कुणी वाईट वाटून घेत नाही. वाईट एवढंच झालं होतं, की वर्षानुवर्षं हे करता करता ती सवय बाईंच्या डोक्यातून उतरून गुडघ्यांत गेली होती. मोलाचं काही कानावर पडलं की गुडघे आपले आपण सरळ व्हायचे. बाईंना विचारायचेसुद्धा नाहीत.

एवढा एकच उद्योग असता तर भागलं असतं. पण ओदीलबाई सकाळी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत, दुपारी कोचावरच्या लोकांचं ऐकत, आणि संध्याकाळी मेट्रोने मोंत्रॉयला जाऊन तिथल्या नाट्यगृहात तालमीला बसत. तिथे त्यांचं काम काय, तर नाटकाचा अर्थ काय होतो हे नाटक करणाऱ्यांना सांगायचं. याला तिकडे रीतसर पद आहे, पगारही आहे. पण त्यांच्या आईला, कँपेरला राहणाऱ्या मादाम केर्मारेकना, हे काही केल्या उमगत नव्हतं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि फिरून फिरून तिथेच यायचा.

"समोरची विचारते, तुझी लेक करते काय? मी सांगू काय तिला?"

"तत्त्वज्ञान शिकवते म्हणून सांग."

"मग ती नाटकं कसली?"

"तेही करते, आई."

"आणि ते लोकांना झोपवतेस ते?"

"झोपवत नाही गं. पडून बोलतात ते."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," असं म्हणून आई फोन ठेवायची.

आईचं सोडा, पण विद्यापीठही तेच म्हणू लागलं होतं. ओदीलबाईंनी पन्नाशी गाठली तरी नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती, आणि येत्या जूनमध्ये तोही संपणार होता. कायमची एक जागा निघाली होती. ती मिळाली तर ठीक, नाही तर कँपेरला जाऊन आईच्या समोरचीला स्वतःच उत्तर द्यायची पाळी. बाईंनी अर्ज केला. तत्त्वज्ञानवाल्यांनी तो वाचून म्हटलं, ही तर नाटकवाली, आणि नाट्यविभागाकडे धाडला. त्यांनी म्हटलं, ही मनाची डॉक्टर दिसते, आणि मानसशास्त्राकडे ढकलला. त्यांनी म्हटलं, अहो, ही तुमचीच तत्त्वज्ञ आहे. असा तो अर्ज गावभर हिंडून निवड समितीच्या अध्यक्ष मादाम त्रुशो यांच्या टेबलावर येऊन पडला. या त्रुशोबाई करड्या होत्या, पण कुणाचं वाईट करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ओदीलबाईंना बोलावून सरळ सांगितलं, की तुम्ही नेमक्या कोण हे कागदावरून कळत नाही. तुमच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मी येते, तिथे प्रत्यक्ष बघते आणि मग ठरवते.

इथेच ओदीलबाईंची पंचाईत झाली. कारण नाटकाचं मुळातच गाडं अडलं होतं, आणि तेही बाईंच्याच गुडघ्यांपायी.

नाटक होतं एका म्हाताऱ्या बापाचं. मुलगा भेटायला येत नाही, येत नाही म्हणून तो अर्धं नाटक कुरकुरतो, आणि मग एकदम कबूल करतो, "दार मीच आतून लावलं होतं." त्यानंतर मुलगा येतो, भांडण होतं, रडारड होते, समेट होतो, म्हणजे आणखी अर्धं नाटक शिल्लक. बापाचं काम अँसेल्म नावाचे जुने नट करत होते. पहिल्या तालमीला त्यांनी ते वाक्य असं काही म्हटलं, की समोर बसलेल्या ओदीलबाईंचे गुडघे सरळ झाले. त्या उभ्या राहिल्या. आणि अँसेल्म थांबले. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, बाईंकडे पाहून मान लववली आणि चालते झाले, ते थेट मेट्रोत जाऊन बसले.

अँसेल्म वेडे नव्हते. ते स्वतः उमेदीच्या काळापासून दुसऱ्या एका मनोविश्लेषकाच्या कोचावर जात होते, आणि तो बाईंच्याच पंथाचा. समोरचं माणूस उभं राहिलं की आपण जायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. लाइटवाला तर इतका सरावला, की बाई उभ्या राहिल्या की तो न सांगता अंधार करू लागला. मुलाचं काम करणारा नट दाढी लावून विंगेत ताटकळायचा आणि दाढी काढून घरी जायचा.

गायेल, म्हणजे दिग्दर्शक, आधी चिडला, मग गयावया करू लागला. "ओदील, तुझ्या पाया पडतो, बसून राहा. मला दुसरा अंक बसवायचाय."

"मी कुठे उठते रे? ते आपोआप होतं."

त्याने बाईंना शेवटच्या रांगेत बसवलं. अँसेल्मना लांबचं चांगलं दिसायचं. खांबाआड बसवलं, तर खांबच अपुरा पडला. शेवटी गायेल म्हणाला, खुर्चीलाच बांधू. पण नाट्यगृहात दोरीचं नाव तोंडातून काढायचं नसतं. फार मोठा अपशकुन तो, आणि जो काढेल त्याने सगळ्यांना पाजायची, असा शिरस्ता. म्हणून गायेल हातवारे करून ती लांब, पिळाची वस्तू मागत राहिला आणि मंचावरची माणसं त्याला ओळीने पट्टा, वायर, मफलर आणि एक शिडी आणून देत राहिली. त्या गडबडीत तालमीची वेळ संपली. मग असं ठरलं, की दुसरा अंक बाई नसताना बसवायचा. तो तसा बसलाही, आणि छान बसला. पण पहिल्या प्रयोगाला त्रुशोबाईंच्या शेजारी ओदीलबाई नसून कसं चालेल?

इकडे दुसरंच त्रांगडं. तालमींनी डोकं भणभणलेलं असताना एका मंगळवारी प्रुव्हो महाशय कोचावरून पुटपुटले, "मला तो लोकरी गंजिफ्रॉक नको आहे." आणि ज्या बाईंनी एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, त्या बाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही. पुन्हा एकदा, पहिल्यापासून. शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवं."

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. पण प्रुव्हो महाशयांना वाटलं, ही उपचाराची पुढची पायरी असणार. हा माणूस धंद्याने नोटरी, उभा जन्म आईच्या धाकात गेलेला. त्यांनी कोचावर उठून बसत ते वाक्य असं दणकून म्हटलं, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. मग घरी जाऊन तेच आईला ऐकवलं. आई थक्क झाली आणि गंजिफ्रॉक कपाटात गेला. प्रुव्हो महाशयांना इतका मोकळेपणा वाटला, की भिंतीवर नाटकाच्या जाहिरातीत ओदीलबाईंचं नाव दिसताच त्यांनी तिकीट काढलं. कोचावरच्या माणसाने बाहेर आपल्या विश्लेषकाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण मोकळा झालेला माणूस कुणाचं ऐकतो?

प्रयोगाच्या संध्याकाळी आई कँपेरहून लोण्याचा केक घेऊन हजर झाली. दारातच तिला धक्का बसला, कारण नाटकवाले एकमेकांना शुभेच्छा देणं अशुभ मानतात आणि त्याऐवजी एक घाणेरडा शब्द हासडतात. तिला वाटलं, सगळ्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलंय. ओदीलबाईंनी तिला समजावून आत नेलं आणि कानात काम सांगितलं.

"आई, तू एकच कर. माझा स्कर्ट घट्ट धर. मी उठायला लागले की खाली ओढ."

"आणि ते कशाला?"

"माझी नोकरी आहे त्याच्यावर."

नोकरी म्हटल्यावर आईने पुढे काही विचारलं नाही. तिने स्कर्ट मुठीत आवळला तो आवळलाच. पलीकडच्या खुर्चीत त्रुशोबाई येऊन बसल्या. आणि दिवे मंद होता होता बाईंना दिसलं, की बरोबर पुढच्या रांगेत, कोट मांडीवर घेऊन, प्रुव्हो महाशय बसले आहेत. ते मागे वळून हसले. बाईंना हसावं की न ओळखल्यासारखं करावं ते कळेना. इथे आपण कोण? विश्लेषक, नाटकवाल्या, की उमेदवार? त्यांनी घाबरून कार्यक्रमपत्रिका तोंडासमोर धरली.

नाटक रंगलं. अँसेल्म काय कुरकुरत होते म्हणून सांगू! ते वाक्य जवळ येऊ लागलं तशी बाईंनी खुर्चीचे हात पकडले आणि दात आवळले. अँसेल्म पुढे आले आणि म्हणाले, "दार मीच आतून लावलं होतं."

गुडघे थरथरले. पण बाई उठल्या नाहीत. जिंकलं! त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

आणि पुढच्या रांगेत प्रुव्हो महाशय उभे राहिले.

त्यांच्या बाजूनेही बरोबरच होतं ते. इतकं मोलाचं वाक्य कानावर पडल्यावर बैठक संपते, हीच त्यांना शिकवण. त्यांनी कोट चढवला आणि जायला निघाले. रांगा अरुंद, तेव्हा त्यांना वाट द्यायला शेजारचे चरफडत उभे राहिले. आता आपला माणूस कोट घालून निघाला की त्याला दारापर्यंत पोचवायला विश्लेषकाने उठायचं, हीही रीतच. गुडघे सरळ झाले. ओदीलबाई उठल्या, त्यांच्या स्कर्टाला लोंबकळत आई उठली, आणि काहीच दिसेना म्हणून त्रुशोबाईही उठल्या. मागच्यांना पुढचं दिसेना, म्हणून मागचे उठले. मागच्यांच्या मागचे उठले.

मंचावरून अँसेल्मनी पाहिलं. बाई उभ्या. त्यांनी पुढच्या वाक्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं, खुंटीवरचा कोट काढला, मान लववली आणि निघून गेले. लाइटवाल्याने अंधार केला.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उभीच होती, त्यामुळे उभं राहून टाळ्या वाजवल्यासारखं झालं, आणि एकदा तसं झाल्यावर प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्याला कळलंय, आपणच मागे का पडा? मुलाचं काम करणारा नट दाढीसकट विंगेत उभा होता. त्याचे सासूसासरे त्याला बघायला आले होते.

नाटक निम्म्यातच संपल्यामुळे सगळे ऐन जेवणाच्या वेळेला नाट्यगृहाच्या उपाहारगृहात पोचले. गायेल दातओठ खात ओदीलबाईंना शोधत आला, पण वाटेत एका वर्तमानपत्राच्या समीक्षकाने त्याचा हात धरला. मुलाला मंचावर आणायचंच नाही, त्याला दाराबाहेरच ठेवायचं, याला छाती लागते, असं तो म्हणाला. गायेलने घसा साफ केला आणि यावर आम्ही पुष्कळ विचार केला, असं सांगितलं.

ओदीलबाई मात्र कोपऱ्यातल्या टेबलाशी गार पडून बसल्या होत्या. समोर कांद्याचं सूप, एका बाजूला आई. सगळं खरं सांगून टाकावं, हे माझं काम नव्हे, माझ्या गुडघ्यांचं होतं म्हणावं, की गप्प बसावं? एवढ्यात त्रुशोबाई पेला घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

"मला कागदावरून जे कळलं नाही ते आज कळलं," त्या सावकाश म्हणाल्या. "पाव शतक मी स्वतः कोचावर जातेय, मादाम. कुठे थांबावं हे फार थोड्यांना कळतं. ती जागा तुम्हालाच द्यायचं मी ठरवलंय, पण—"

ओदीलबाई उभ्या राहिल्या.

आईच्या हातात त्या वेळी सुपाचा चमचा होता. प्रयोग संपला म्हणून तिने स्कर्ट सोडला होता.

त्रुशोबाई तिथल्या तिथे थांबल्या. त्यांनी पेला ठेवला, बाईंकडे जरा दबून पाहिलं आणि कोट चढवला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्या 'पण'नंतर मी काय बोलणार होते, ते आधी माझं मला तपासायला हवं." त्यांनी हात मिळवला, आणि त्या दारातून निघूनही गेल्या. ओदीलबाईंनी मागून हाक मारायला तोंड उघडलं, पण असं अर्धं वाक्य परत मागायची रीतच त्यांना ठाऊक नव्हती.

"मिळाली का गं नोकरी?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

"'पण' काय?"

"तेही माहीत नाही, आई."

आईने सूप संपवलं, ओठ पुसले आणि लेकीच्या हाताला धरून तिला खाली बसवलं. "राहू दे," ती म्हणाली. "समोरचीला काय सांगायचं ते मला सापडलं. आमची ओदील उभी राहते. निदान एवढं तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."