गैरहजर राहील तो

"आज सभेतनं परत गळ्यात काय अडकवून घेऊन आलासा, तर मी एकटीच जांबोटीला जाणार," नीलमनं कपड्यांची पिशवी भरता भरता नवऱ्याला बजावलं.

दिग्विजयचा निपाणीत दवाखाना होता आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर नीलम लोकांचे दात बघायची. जांबोटी तिचं माहेर. तिथे जाऊन चार दिवस निवांत पडायचं, असा बेत दोघं दर वर्षी करत आणि दर वर्षी डॉक्टरांच्या संघटनेचं काहीतरी आडवं येई. कारण दिग्विजय संघटनेचा सचिव होता. त्याला त्याची हौस नव्हती. तशी ती कोणालाच नव्हती. समाजसेवेवर बोलायला सगळे तयार, पण पद म्हटलं की एकजात सगळ्यांना आपापले पेशंट आठवत. त्यामुळे तिथे रिवाजच पडला होता, की सभेला जो गैरहजर, त्याच्या गळ्यात पद. एका सभेच्या दिवशी दिग्विजय तापानं फणफणून घरी पडला होता, तेवढं निमित्त पुरलं. त्यानंतर धास्तीनं कोणी गैरहजर राहीना, म्हणून पद त्याच्याकडेच राहिलं.

या सभेलाही कुठल्या व्याख्यानाला झाली नसेल अशी गर्दी होती. डॉ. मारुतीराव पायाचं प्लॅस्टर सांभाळत आले होते. कानाचे एक डॉक्टर तर स्वतःच आजारी, ते हाताला सलाईनची सुई तशीच ठेवून आले होते. मावळते अध्यक्ष तम्मण्णा सर म्हणजे चिकोडीकडचे शांत गृहस्थ. अध्यक्षपदासाठी कोण पुढे येतंय, असं त्यांनी विचारलं आणि सगळा हॉल पंख्याकडे बघू लागला. बराच वेळ पंखाच काय तो फिरत होता.

दिग्विजयचं डोकं फिरलं. इतकी वर्षं हॉल ठरवा, पाहुण्यांना आणा, जेवणात गोड काय म्हणून विचारणाऱ्यांना उत्तरं द्या, हे सगळं त्यानंच केलं होतं. तो उठून उभा राहिला.

"लाज वाटाय पाहिजे आपल्याला," तो म्हणाला. "एवढी शिकलेली माणसं, आन् एक उठंना. मी या खेपेला न्हाय म्हंजे न्हाय. रिवाज हाय न्हवं? मग बघा कोण आलं न्हाय ते, आन् घाला त्येच्या गळ्यात."

सभेला हे एकदम पटलं. तम्मण्णा सरांनी हजेरी घेतली. एकेक जण जोरात ओ देत होता. शेवटी एकाच नावाला ओ आली नाही. ते नाव डॉ. नीलमचं होतं. सभासद वाढवायचे म्हणून गेल्या वर्षी दिग्विजयनंच बायकोचं नाव घातलं होतं.

"सर, ती घरात पिशवी भराय लागलीया," तो कसाबसा म्हणाला.

"म्हंजे गैरहजरच की," तम्मण्णा सर म्हणाले आणि टाळ्या झाल्या. सचिवासाठी मात्र दुसरा गैरहजर मिळेना, म्हणून ते पद पुढच्या सभेवर ढकललं. अध्यक्षांचा हार दिग्विजयकडेच देण्यात आला.

आता घरी काय ऐकावं लागणार, या काळजीनं तो जिन्यातच घुटमळला. पण नीलम चिडली नाही. तिनं हार उलटसुलट करून पाहिला आणि पुढची सभा कुठे घ्यायची हे अध्यक्षच ठरवतात ना, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला. "मग येत्या रविवारी जांबोटीला, आमच्या घरी," ती म्हणाली. पिशवी तिनं भरलेलीच ठेवली.

रविवारी झाडून सगळे जांबोटीला हजर झाले. न येण्याची हिंमत कोणाला होती? नीलमच्या आई मालुबाई, त्यांच्या अंगणात गाड्यांना जागा पुरेना. "जावईबापू, एवढी माणसं आणायची व्हती तर आधी सांगायचं की," एवढंच सासूबाई म्हणाल्या, पण दिग्विजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत पाणी देत होता, खुर्च्या मांडत होता. नीलम पडवीत पाय पसरून बसली होती आणि लई दिवसांनी असं बसायला मिळालं म्हणून सगळ्यांना सांगत होती.

सभा सुरू व्हायच्या वेळी तिनं त्याला गोड आवाजात हाक मारली. "अहो, मागच्या दारी आईकडनं दह्याचं गाडगं तेवढं आणा की."

तो गाडगं घेऊन आला, तर टाळ्यांचा कडकडाट. त्याला वाटलं, दह्यासाठीच. तो हसलासुद्धा. तेवढ्यात तम्मण्णा सर हार घेऊन पुढे आले. दोन्ही हातांत गाडगं, त्यामुळे त्याला हात आडवाही करता आला नाही.

"हजेरी घेतली तवा तुम्ही न्हवतासा," नीलम म्हणाली.

"अगं, तूच तर पाठवलंस दही आणायला."

"व्हय. पण कारण विचारायचा रिवाज कुठं हाय आपल्यात?"

संध्याकाळी गाड्या निपाणीला परत निघाल्या. नव्या सचिवाला पुढच्या व्याख्यानाचा हॉल ठरवायचा होता, तेव्हा त्याला त्यांच्याबरोबर जावंच लागलं. नीलमची पिशवी मात्र जांबोटीतच राहिली. ती चार दिवसांनी येणार होती.