दारावरचा पाला

लोमायने अंघोळीच्या पाण्यात टाकायचा औषधी पाला रानातून आणला आणि दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवला, कारण तेवढ्यात चुलीवरचं काहीतरी उतू गेलं. मग ती तो विसरली. त्या दिवशी ता फिन या डोंगरातल्या गावात धुकं असं उतरलं होतं, की अंगणातली म्हैससुद्धा नुसती शेपटीपुरती दिसत होती.

घरात पहिल्यांदाच पैसे देऊन राहणारे पाहुणे यायचे होते. हनोईचं एक जोडपं, खोआ आणि त्याची बायको लिएन. लोमायचा नवरा लाओ सान त्यांना आणायला खालच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला, आणि पाहुणे त्याच्यापासून हाताच्या अंतरावरून धुक्यात निघून गेले. वाटेत विचारत विचारत ते अंगणात पोचले, तर दारावर हिरवा पाला.

खोआ निघण्याआधी सगळं वाचून आलेला माणूस. उत्तरेकडे थंडी किती, कपडे किती, डोंगरातल्या लोकांकडे कसं वागायचं. दारावर पाला असला तर घरात पाऊल टाकायचं नाही आणि हाकही मारायची नाही, हे त्याला पाठ होतं. दोघं मुकाट्याने लाकडांच्या ढिगावर बसली. पाहुण्यांसाठी शिजलेल्या कोंबडीचा वास त्यांच्यापर्यंत येत होता. लिएनला शिंक आली ती तिने मफलरमध्ये दाबली. आत लोमायला वाटलं, म्हैस.

शेजारची काकू टोपली परत द्यायला आली आणि पाला बघून जागीच थबकली. खोआने तिला हळूच विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. काकूलाही काही माहीत नव्हतं, पण माहीत नाही म्हणायची तिला सवय नव्हती. "बाळंत झालं असेल कुणीतरी," ती म्हणाली आणि आल्या पावली धुक्यात विरघळली.

पाणी उकळलं तेव्हा लोमायला पाला आठवला. तो काढायला ती बाहेर आली, तर लाकडांवर दोन माणसं, केसांवर दवाचे थेंब. ती त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली.

आत शिरताच पाहुणे चवड्यांवर चालू लागले आणि कुजबुजत बोलू लागले. बंद खोलीकडे बघून लिएनने नवऱ्याला खूण केली, बाळंतीण तिथे असणार. तिथे मक्याची पोती होती. पण बाळंतिणीची चौकशी करू नये असं कुठेतरी लिहिलेलं होतं, म्हणून दोघांनी ती केली नाही.

लाओ सान काकडून परत आला आणि दारातूनच मोठ्याने बोलू लागला. त्याच्या आईने त्याला दटावलं.

"हळू बोल. शहरात असंच बोलतात."

"कोण म्हणतं?"

"बघ की त्यांच्याकडे. त्यांची रीत आहे, आपण मोडायची नाही."

मग सगळेच कुजबुजत जेवले. पाहुणे औषधी पाल्याच्या पाण्याने भरलेल्या वाफाळत्या पिंपात गळ्यापर्यंत बुडून बसले. धुकं दाराच्या फटीतून आत येऊन चुलीपाशी रेंगाळत राहिलं. इतकी शांत संध्याकाळ त्या घराने पाहिली नव्हती. सासूबाई सुनेवर रागावल्या त्यासुद्धा कुजबुजत, आणि तशात त्यांना हसू आलं.

सकाळी निघताना लिएनने पिशवीतून लोकरीचं एक टोपडं काढलं आणि लोमायच्या हातात ठेवलं. नातवासाठी विणत होते, त्याला दुसरं विणीन, म्हणाली.

"बाळासाठी. आम्ही मुद्दामच विचारलं नाही हं. पुढच्या वर्षी येऊ बघायला."

लोमाय टोपड्याकडे बघत राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात हा विषय कुणी काढत नसे. सासूबाई एकदम म्हशीला चारा घालायला निघाल्या.

"या," लाओ सान म्हणाला. "नक्की या."

पाहुणे उताराला लागून दिसेनासे झाले. लोमायने टोपडं मुठीवर चढवून पाहिलं.

"तोंड वर करून बोलावलंस. दाखवणार काय त्यांना?"

लाओ सानने इकडेतिकडे पाहिलं. धुक्यात कुणीच नव्हतं, तरी तो तिच्या कानाशी वाकून कुजबुजला,

"वर्ष आहे की अजून."