हॉलमधली सातवी पायरी

"अजून थोडी," असं म्हणत कप्तान पायपंप दाबत राहिले आणि तिथेच घोटाळा झाला. रबरी राफ्ट दगडासारखी कडक झाल्याशिवाय पाण्यात घालायची नाही, हा त्यांचा नदीवरचा नियम. पण इथे नदी नव्हती, तिसऱ्या मजल्यावरचा हॉल होता.

वीस वर्षांनी राफ्ट माळ्यावरून खाली आली होती. पाच वाजता नदीवरचा नवा गाइड येणार होता. तासभर हवा टिकली तर ती शिकाऊ मंडळींसाठी पुन्हा पाण्यात जाणार, नाहीतर थेट भंगारात.

राफ्ट टम्म फुगली. एका टोकाने मुख्य दार दाबलं, बाजूंनी दोन्ही भिंती धरल्या. कप्तान खिडकीच्या कोपऱ्यात अडकले, बायको स्वयंपाकघराच्या दारात.

"अहो, हवा सोडा."

"वॉल्व्ह भिंतीकडे गेलाय."

"मग मागच्या बाजूने जा."

"मागची बाजू शिल्लकच नाही! राहू दे, तसाही तास मोजायचाच आहे."

तिने राफ्टवरून चहाचा कप सरकवला. रबराचा तो ओळखीचा वास नाकात गेला आणि कप्तान बोलत सुटले. उभ्या कड्यांमधली ती नदी, एकीखाली एक धबधब्यांच्या सात पायऱ्या, भल्याभल्यांनी दुरूनच नमस्कार करावा असं पाणी.

"आठवतं ना? सातव्या पायरीवर राफ्ट आडवी झाली, सगळे गारठले, आणि मी कसा गरजलो!"

"आठवतं ना," ती नेहमीसारखंच म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

तास उलटला. राफ्ट जराही मऊ पडली नाही. तेवढ्यात बेल वाजली. दार बोटभर उघडलं आणि अडलं.

"कप्तान, उघडा ना! खाली गाडी थांबलीय. नसेल जमत तर दुसरीकडची राफ्ट बघतो."

कप्तानांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. आयुष्यात असं एकदाच झालं होतं. कुठे, ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं.

बायकोने चपला काढल्या, बाह्या सरसावल्या आणि राफ्टवर चढली.

"चढा वर! डावीकडे झुका! सगळं वजन डावीकडे! हलायचं नाही!"

कप्तानांनी मुकाट्याने अंग झोकून दिलं. उजवी बाजू उचलली गेली, वॉल्व्ह भिंतीपासून सुटला, तिने हात घालून तो फिरवला. फुस्स करत हॉल मोकळा झाला.

गाइड आत आला. तास पुरा भरल्याचं बायकोने सांगितलं. "तास टिकली म्हणजे कमालच! नेतो मी. पण कप्तान, आतून हुकूम कोण देत होतं? अंगावर काटा आला."

बायकोने पटकन कप उचलला. "अहो, ते आपलं असंच..."

कप्तानांनी मऊ पडत चाललेल्या रबरावरून एकदा हात फिरवला.

"मला कशाला विचारतोस?" ते बायकोकडे बोट दाखवत म्हणाले. "कप्तान त्या आहेत. सातव्या पायरीवरही त्याच होत्या."