खेमसिंगचे एकोणपन्नास

निकालाच्या यादीत आपल्या नावापुढे एकोणपन्नासचा आकडा दिसला आणि खेमसिंग राठोड घाबरलाच. पास व्हायला पन्नास लागत होते. म्हणजे तो नापास होता, आणि नापास होण्यासाठीच तर त्याने जिवाचं रान केलं होतं. घाबरण्यासारखी गोष्ट एकच होती. तो फार थोडक्यात नापास झाला होता.

खेमसिंग तालुक्याच्या कृषी कार्यालयात बावीस वर्षं शिपाई होता. शिपायांमधून लिपिक नेमायची परीक्षा निघाली तेव्हा नव्याने आलेल्या साकेत देशमुख साहेबांनी हौसेने त्याचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. खेमसिंगने 'नको' म्हणायला तोंड उघडेपर्यंत साहेबांची सही होऊन वर शिक्काही बसला होता. घरी त्याच्या बायकोने, लालीबाईने, दिवे लागायच्या आत साऱ्या तांड्यात सांगून टाकलं, "जमनीचे बाबा क्लार्क होऊन राह्यले." जमनी म्हणजे त्यांची मुलगी. ती सासरी होती, पण तिच्या सासरपर्यंतही बातमी दुसऱ्या दिवशी पोचली.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. कापसाने लागोपाठ तीन वर्षं दगा दिला होता. कुठे बियाणं उगवलं नाही, उगवलं तिथे बोंड धरलं नाही, धरलं तिथे भाव पडला. रोज सकाळी माणसं तक्रारी घेऊन कार्यालयात येत आणि लिपिक प्रफुल्लबाबूच्या टेबलाभोवती उभी राहत. प्रफुल्लबाबूला दिवसभर तेच ते सांगावं लागे, "मुदत संपली," "पावती जोडली नाही," "वरून आदेश नाही." खेमसिंगचं काम त्यामानाने सोपं होतं. तो आलेल्या माणसाला सावलीत बसवी, माठातलं पाणी देई आणि म्हणे, "बसा भाऊ, दम घ्या पह्यले." बावीस वर्षांत त्याला कोणी वावगा शब्द बोललं नव्हतं. प्रफुल्लबाबूने मात्र मागच्या आठवड्यातच मराठी, हिंदी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि गोंडी अशा चारही बोलींतल्या शिव्या ऐकल्या होत्या. त्यातल्या गोरमाटीतल्या शिव्यांचा अर्थ त्याला खेमसिंगनेच सांगितला, तोही बराच सौम्य करून.

लिपिकाच्या खुर्चीत बसायचं आणि आपल्याच तांड्यातल्या, आपल्याच शिवारातल्या माणसांना तोंडावर नाही म्हणायचं, या विचाराने खेमसिंगचा घास अडत असे. पण हे सांगायचं कोणाला? बढती नको म्हणणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढतात. म्हणून त्याने सरळ मार्ग धरला. परीक्षेला बसायचं आणि पडायचं.

शंभर प्रश्न होते. प्रत्येकाला चार उत्तरं आणि चार गोल, बरोबर असेल तो गोल पेन्सिलने काळा करायचा. तपासणी मशीनवर. खेमसिंगने पस्तीस प्रश्न नीट विचार करून बरोबर सोडवले, कारण अगदीच नाक कापलं जायला नको होतं. उरलेले पासष्ट त्याने तितकाच विचार करून चुकवले. आणि आता मार्क पडले होते एकोणपन्नास. म्हणजे त्याला पक्की चूक म्हणून माहीत असलेली चौदा उत्तरं बरोबर निघाली होती.

त्यात बासष्टाव्या प्रश्नाची धास्ती वेगळीच. तिथे त्याने सवयीने बरोबर गोल काळा केला होता, मग जीभ चावून तो खोडला आणि दुसरा भरला. मशीनने दुसरा धरला असावा. माणसाने कोणता धरला असता, देव जाणे.

"एका मार्कानं!" प्रफुल्लबाबू यादी हातात घेऊन ओरडला. "खेमूभाऊ, हा तं सरासर अन्याय आहे!"

"नशीब आपलं," खेमसिंग म्हणाला आणि कप गोळा करायला लागला.

"कायचं नशीब? मशीनच चुकली असन. हातानं फेरतपासणी करा म्हणून अर्ज देता येते. साहेब! खेमूभाऊ एका मार्कानं गेले!"

साहेब खुर्चीतून उठून बाहेर आले. "अर्ज तर करायचाच."

"पण साहेब, फेरतपासणीत मार्क कमी झाले तं?"

"नापासाच्या खाली काय असतं, खेमसिंग?"

खेमसिंगने दुसरी सबब काढली. तो म्हणाला, "फी लागते म्हंतात. सध्या हात जरा..."

"त्याची काळजी कायले करता?" प्रफुल्लबाबू म्हणाला. "आम्ही सगळे मिळून भरून राह्यलो. बावीस वर्ष चहा पाजला तुम्ही आमाले."

"मुदत तं संपली असन..."

साहेबांनी लगेच यवतमाळला फोन लावला. मुदतीचे दोन दिवस शिल्लक होते. पोस्टाने अर्ज पोचला नसता. "कोणीतरी हातोहात नेऊन द्यायला हवा," साहेब म्हणाले. जिल्ह्याला टपाल नेऊन देण्याचं काम या कार्यालयात एकाच माणसाचं होतं. सगळ्यांनी खेमसिंगकडे पाहिलं.

खेमसिंगला जरा धीर आला. आपला अर्ज आपल्याच हातात म्हटल्यावर मार्ग पुष्कळ होते. एसटीच्या खिडकीतून लिफाफा उडू शकतो, पिशवी सीटवर विसरू शकते, ऊन लागून माणसाला अर्ध्या वाटेवरून परतावंही लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातून लिफाफा घेऊन तो हेच मनाशी घोळवत स्टँडवर पोचला, तर तिथे लालीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पाटीखाली बसलेली.

"तू काहून आली?"

"मी बी येतो. एवढा मोठा अर्ज, तुमचा काय भरोसा? मागं जमनीची लग्नपत्रिकाच एसटीत विसरून आलते." तिने हात पुढे केला. "आणा तो कागद इकडं." लिफाफा तिच्या बटव्यात गेला आणि बटवा कमरेला.

एसटीत खेमसिंगने शेवटचा प्रयत्न केला. "मी म्हणतो, एका मार्कासाठी सरकारसंग भांडाव का?"

"माहा भाऊ दोन वावरांमधल्या एका धुऱ्यासाठी बारा वर्ष भांडला," लालीबाई म्हणाली. "अन् धुऱ्यावर काय पंखा असते? तुमच्या खुर्चीवर पंखा राहीन." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेरच्या कापसाच्या खुरट्या पऱ्हाटीत तिला पंख्याखालचा नवराच दिसत असावा, कारण ती मधूनच हसत होती. खेमसिंगला तिचं ते हसू बघून फार अपराधी वाटलं.

यवतमाळच्या कार्यालयात अर्ज घ्यायच्या खिडकीवर धर्मपाल नावाचे वयस्क बाबू होते. त्यांनी लिफाफा फोडला, अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "एकोणपन्नास? चांगलं केलं, आले. मागच्या साली सात अर्ज आलते, त्यातले तिघं पास झाले. खाडाखोड असली का मशीन गडबडते. आम्ही उमेदवाराचा फायदा पाह्यतो."

खेमसिंगच्या डोळ्यांपुढे बासष्टावा प्रश्न उभा राहिला. धर्मपालबाबूंनी आवक नोंदवहीत तारीख टाकायला घेतली.

तेवढ्यात लालीबाईने खिडकीत डोकं घातलं. "दादा, पास झाले तं खुर्ची तिथंच मिळते नं? आमच्याच हापिसात?"

"नाही बाई. जिथं जागा खाली तिथं. सध्या तं उमरखेडकडंच दिसून राह्यली."

"उमरखेड?" लालीबाईचा आवाज एकदम खाली आला. "ते तं लय दूर. रोज जाणं-येणं होते?"

"रोज कसं होईन? खोली करून राह्यनं पडते. तीन-चार वर्ष तरी. मंग पाहू पुढचं पुढं." धर्मपालबाबूंनी पेन झटकलं.

लालीबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. संसाराच्या बत्तीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या हाताने भाकर काही भाजली नव्हती आणि तिनेही त्याच्याशिवाय एकटीने दोन भाकरी कधी खाल्ल्या नव्हत्या. मग तिने खिडकीतून हात आत घालून टेबलावरचा अर्ज अलगद उचलला.

"अओ बाई!" धर्मपालबाबू दचकले.

"राहू द्या दादा. एवढी मोठी मशीन, सरकारची. तिच्यावर संशय घेणं बरं नाही." तिने अर्जाची घडी केली आणि बटव्यात सुपारीच्या खांडाशेजारी ठेवली. "चला जी."

बाहेर आल्यावर ती लिंबाच्या पारावर बसली. डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्या मनाले लय लागलं असन," ती म्हणाली. "तुमची एवढी इच्छा, अन् मीच आडवी आली. पण जमनीचे बाबा, तुम्ही तिकडं अन् मी इकडं, कसं होईन?"

तोंड पाडायला खेमसिंगला जन्मात कधी इतके कष्ट पडले नव्हते. "आता तूच म्हणते तं..." एवढं बोलून तो थांबला, कारण पुढे बोलला असता तर हसू फुटलं असतं. लालीबाईने त्याच्या दुःखावर उतारा म्हणून गरम आलुबोंडे घेतले. त्याने चार खाल्ले. पाचव्याला हात घातला तेव्हा ती त्याच्याकडे जरा निरखून पाहायला लागली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि स्वतःही एक उचलला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात पाऊल टाकताच प्रफुल्लबाबूने त्याला माठाशेजारी गाठलं. "दिला अर्ज?"

"नाही. घरच्याइनं नको म्हटलं."

प्रफुल्लबाबू मटकन खेमसिंगच्याच स्टुलावर बसला. "खेमूभाऊ, खरं सांगतो, निकालापासून मले धड जेवण गेलं नाही. लोक तुमच्या हातचं पाणी पिऊन येतात तरी मले असे बोलतात. तुम्ही गेल्यावर ते कोरड्या घशानं आले असते तं?"

"मंग अर्ज करा म्हणून बोंबलत काहून होते?"

"मंग काय करू? चांगल्या माणसाले नापास राहा म्हणू?"

आतून घंटी वाजली. खेमसिंग साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. टेबलावर फायलींचे तीन ढीग होते आणि त्यातल्या कुठल्या ढिगात काय आहे, हे साऱ्या इमारतीत फक्त खेमसिंगला माहीत होतं.

"काय खेमसिंग, दिलात अर्ज?"

"नाही दिला, साहेब. राहूनच गेला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, मान खुर्चीच्या पाठीवर टेकवली आणि डोळे मिटून छातीभर श्वास सोडला. त्या श्वासाने वरच्या ढिगातला एक कागद हलला. मग एकदम काहीतरी लक्षात आल्यासारखे ते ताठ बसले आणि त्यांनी घाईघाईने चेहरा गंभीर केला.

"अरेरे," साहेब म्हणाले. "फार वाईट झालं."

"हो साहेब," खेमसिंग म्हणाला, "लयच वाईट."

आणि दोघंही एकमेकांची नजर चुकवत, ओठ घट्ट मिटून, थोडा वेळ तसेच वाईट वाटून घेत राहिले.