नरसय्यांचा टॉवेल

रविवार, आठ डिसेंबर. सकाळचे नऊ वाजायला पाच मिनिटे कमी होती. नरसय्या सभागृहात आले, सतरंजीच्या डाव्या कोपऱ्यात आपल्या ठरलेल्या जागी बसले आणि त्यांनी मांडीवर चार घड्यांचा कोरा टॉवेल ठेवला. गायिका अजून मंचावर यायची होती. तरीही निम्मे श्रोते मंचाऐवजी त्या टॉवेलकडे पाहू लागले.

याचे कारण सांगितले पाहिजे.

नरसय्या सोलापूरच्या भवानी पेठेतील माझे शेजारी. टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे अडलेले माग चालू करून देणारे. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी आणि या दोन्हींपेक्षा मौन अधिक. गाण्याचा नाद कसा लागला असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दिवसभर मागाची खडखड ऐकून कान मळतो की हो शिक्रेटरी. त्याला आंघोळ नको?"

मी आमच्या संगीत मंडळाचा चिटणीस आहे. नरसय्या मला 'शिक्रेटरी' म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

ध्वनिमुद्रित गाणे ते ऐकत नाहीत. नातवाने मोबाइलवर एका मोठ्या गायकाचे गाणे लावून दिले, तर त्यांनी तो मोबाइल पालथा ठेवला. "फोटूतल्या जेवणानं पोट भरतंय व्हय रे?" एवढेच बोलले. गाणे समोर बसून ऐकायचे, गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळून ऐकायचे, हा त्यांचा नियम. टॉवेल त्या घामासाठी.

आमचे मंडळ कलावंताला शाल देते. शालीविषयी नरसय्यांचे मत वाईट आहे. "शाल कपाटात जाती. टॉवेल रोज अंगाला लागतो." म्हणून प्रत्येक मैफलीला ते पांढरा, लाल काठाचा, इस्त्री केलेला टॉवेल घेऊन येतात. गाणे पसंत पडले तर मैफल संपताच मंचामागे जातात, कलावंताच्या हातात टॉवेल ठेवतात आणि एक शब्द न बोलता परततात. पसंत पडले नाही, तर जागेवरच टॉवेलची घडी मोडतात, त्याने स्वतःचे तोंड पुसतात, खांद्यावर टाकतात आणि घरी जातात.

तोंड पुसले की निकाल लागला. त्यावर अपील नाही.

आरंभी आम्हाला हे कळत नव्हते. पुण्याहून आलेल्या एका बासरीवादकाने सुरुवातीला रागाविषयी प्रदीर्घ भाषण केले. बासरी ओठाला लागण्यापूर्वीच नरसय्यांनी तोंड पुसले. वादकाने मोठ्या काळजीने मला खुणावले, "त्यांना उकडतंय का?" मी पंखा लावला. नरसय्यांनी पुन्हा तोंड पुसले.

आमच्या अध्यक्षांनी एका वर्धापनदिनी स्वतः गायचे ठरवले. त्या दिवशी नरसय्या हातरुमालाएवढा नॅपकिन घेऊन आले. मी कारण विचारले. "आज येवढाच लागंल," असे ते म्हणाले, आणि तो लागला.

एका मे महिन्यात ऐन मैफलीत वीज गेली. सोलापूरचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. सभागृहातला प्रत्येक माणूस पदराने, रुमालाने, हाताला येईल त्याने तोंड पुसत होता. नरसय्यांच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून धारा लागल्या होत्या. टॉवेल मांडीवर होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. गाणे संपले नव्हते आणि निर्णय झाला नव्हता. शेवटी ओलेचिंब नरसय्या उठले आणि कोरडा टॉवेल त्या गायकाच्या हातात देऊन आले.

तो गायक नंतर जिथे जाईल तिथे हे सांगत राहिला. बाहेरगावचे कलावंत आता फोनवर मानधनाच्या आधी विचारतात, "ते टॉवेलवाले येणार आहेत ना?" मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

नापास टॉवेल घरी जात आणि घरी त्यांना नावे मिळत. हे काम नरसय्यांच्या पत्नीचे, पद्मम्मांचे. मैफलीहून नवरा परतला की त्या दारातच विचारीत, "आज कोण आलं घरी?" खांद्यावर टॉवेल असेल तर नरसय्या कलावंताचे नाव सांगत. हात रिकामे असतील तर म्हणत, "कुणी न्हाई आलं. चांगलं गायले." पुढे तो टॉवेल त्याच नावाने ओळखला जाई. भिंतीपलीकडून मला ऐकू येई : "अहो, पुण्याचा बासरीवाला वाळला का बघा." "अध्यक्ष कुटं गेले? त्यास्नी हात पुसाय ठेवलं हुतं न्हवं?" एकदा तर पद्मम्मा भर अंगणात ओरडल्या, "सतारवाल्याला मांजरानं फाडलं की वो!"

नरसय्या म्हणत, "जन्मभर बेसुरांनी अंग पुसलं माझं. सुरातले सगळे परगावी गेले."

पद्मम्मा दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा हैदराबादला असतो. त्याने वडिलांना चलण्याचा आग्रह केला. नरसय्या गेले नाहीत. "तितं मैफल कुटं हाय, मला काय म्हाईत," असे कारण त्यांनी दिले.

यानंतर एक विचित्र गोष्ट घडू लागली. नरसय्या प्रत्येकाला टॉवेल देऊ लागले. सुरात गाणाऱ्याला दिला, बेसूर गाणाऱ्याला दिला. एका गायकाने राग मध्येच सोडून भलत्याच रागात घर केले, त्यालाही दिला. मंडळात कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, "म्हाताऱ्याचे कान गेले." मला वाईट वाटले. सर्वांना मिळणाऱ्या टॉवेलला किंमत राहत नाही. सोलापूरची एक चीज हातची गेली, असे मी मानून चाललो होतो.

अशा वेळी रत्नाक्कांना बोलावण्याचे ठरले.

रत्नाक्का विजापूरच्या. नरसय्यांची सर्वांत आवडती गायिका. तरुणपणी कारखान्यातून परस्पर, अंगावरच्या कापसाच्या तुसासकट, ते त्यांच्या पहिल्या मैफलीला गेले होते. पहिला टॉवेल त्यांनाच दिला गेला. त्यानंतर रत्नाक्का सोलापुरात जितक्या वेळा गायल्या, तितके टॉवेल विजापूरला गेले. आता त्या ऐंशीच्या घरात आहेत. मी फोन केला तेव्हा त्या स्पष्ट बोलल्या.

"गळा पहिल्यासारखा न्हाई राहिला, साहेब. घरची मंडळी छानच म्हणतात. शिष्या तर पायाच पडतात. खरं कोण सांगणार मला? नरसय्या हायत न्हवं?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग येते. टॉवेल दिला तर पुढच्या वर्षी बी गाईन. न्हाई दिला तर तंबोरा गवसणीत घालते. बास."

ही अट मी नरसय्यांना जशीच्या तशी सांगितली. शेवटी म्हणालो, "अण्णा, अलीकडे तुम्ही कोणालाही टॉवेल देता. रत्नाक्कांना खोटा देऊ नका. त्या खऱ्यासाठी येत आहेत."

नरसय्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "अक्काला खोटा दिऊन मी कुटं तोंड दाखवू?"

म्हणून त्या रविवारी अर्धे सभागृह टॉवेलकडे पाहत होते.

रत्नाक्कांनी तोडी राग मांडला. शिष्येचा आधार घेऊन त्या मंचावर चढल्या होत्या, पण बसल्यानंतर त्यांना कोणाचा आधार लागला नाही. सुरुवात खालच्या सुरांत, सावकाश झाली. आवाज जुना झाला होता, वाट जुनी नव्हती. मग त्या वर चढू लागल्या. वरचा षड्ज जवळ आला. आम्ही सारे तो ओळखून होतो. रत्नाक्का त्या सुरावर पोचल्या की सभागृह श्वास सोडत असे.

त्या पोचल्या आणि आवाज तुटला.

शिष्येने घाईने तो सूर आपल्या गळ्यावर घेतला. झाकून न्यायची हीच रीत असते. रत्नाक्कांनी हात वर करून तिला थांबवले. त्या पुन्हा तिथेच गेल्या. पुन्हा तुटला. मग त्या तुटलेल्या सुराच्या जरा अलीकडे थांबल्या, डोळे मिटले, आणि जिथपर्यंत गळा जात होता तिथेच बसून गाऊ लागल्या. वर जाण्याचा आव नाही, खाली पळणे नाही. किती वेळ ते चालले मला सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहणारा माणूस आहे. त्या दिवशी पाहिले नाही.

मग डाव्या कोपऱ्यात हालचाल झाली. नरसय्यांनी टॉवेलची घडी मोडली आणि तोंड पुसले.

रत्नाक्कांनी नेमके त्याच क्षणी डोळे उघडले होते.

त्यांनी भैरवी गाऊन मैफल पूर्ण केली. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी शाल घातली. नरसय्या मंचामागे आले नाहीत. रत्नाक्का खुर्चीत बसल्या, शिष्येला म्हणाल्या, "तंबोऱ्याची गवसणी आण," आणि मग मला म्हणाल्या, "बघितलं मी. माणूस सच्चा हाय तुमचा."

मी बाहेर धावलो. धावलो हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही, पण खरा आहे. नरसय्या सायकलींच्या रांगेजवळ उभे होते. टॉवेल खांद्यावर नव्हता. त्यांनी तो छातीशी धरला होता.

"अण्णा, हे काय केलंत?"

"चूक झाली, शिक्रेटरी." त्यांचे डोळे लाल होते. "द्यायचा हुता की वो. मैफल संपायची वाट बघत हुतो. पण डोळ्यांतनं पाणी यायलं. रुमाल न्हवता. हात आपसूक टॉवेलला गेला. आता वापरलेला कसा देऊ? अक्काला वापरलेला देऊ व्हय?"

"मग आत चला आणि सांगा."

"पद्मी गेली तवा रडलो न्हाई मी," नरसय्या म्हणाले. "दोन वर्सं टॉवेल दिसंल त्याच्या हातात कोंबतोय. घरी न्यायचा कुणासाठी? दारात इचारणारं कोण हाय?"

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना मंचामागे नेले. या माणसाचे कान शाबूत होते. मंडळाने दोन वर्षे चुकीचा निकाल दिला होता.

रत्नाक्कांनी त्यांना पाहताच विचारले, "काय नरसय्या? खरं सांग. षड्ज लागला?"

"न्हाई अक्का. तुटला."

अध्यक्ष खोकले. रत्नाक्का शांत होत्या. "दोनदा तुटला," त्या म्हणाल्या.

"दोनदा," नरसय्या म्हणाले. "पण तुमी पळाला न्हाई. तितंच बसलासा. येवढी वर्सं ऐकतोय, असलं गाणं न्हाई ऐकलं. मला दम निघंना, अक्का. कोरा हुता, मी नासवला." आणि त्यांनी चुरगळलेला टॉवेल पुढे केला, चोरीचा माल परत करावा तसा.

रत्नाक्कांनी टॉवेल घेतला. ओला भाग बोटांनी चाचपला. मग खांद्यावरची शाल काढून शिष्येकडे दिली आणि त्याच टॉवेलने कपाळ पुसले, मान पुसली, सगळा चेहरा सावकाश पुसला. तो झटकला, चार घड्या केल्या आणि नरसय्यांच्या खांद्यावर ठेवला.

"हा घरी ने," त्या म्हणाल्या. "सगळ्या सोलापूरला म्हाईत हाय, तुझ्या घरी बेसूर लोक जात्यात. मी बी आज हक्कानं येते. पुढच्या वर्षी मात्र कोरा आण."

शिष्येच्या हातात गवसणी तशीच होती. "ती प्रवासापुरती घाल गं," रत्नाक्का तिला म्हणाल्या.

मी अनेक मोठे सत्कार पाहिले आहेत, काहींची व्यवस्थाही केली आहे. एवढा मोठा पाहिलेला नाही, आणि तो आमच्या मंडळाच्या मंचामागे, आमच्या पेठेतल्या माणसाचा झाला, हे मी कोणालाही ताठ मानेने सांगेन.

रत्नाक्कांची गाडी विजापूरच्या रस्त्याला लागल्यावर नरसय्या आणि मी रिक्षाने घरी आलो. ते कुलूप काढून दारात थांबले. सवयीने थांबले असावेत. आत कोणी नव्हते. मीही थांबलो. मला असली कामे जमत नाहीत. घसा साफ करून मी विचारले, "आज कोण आलं घरी?"

नरसय्यांनी खांद्यावरच्या टॉवेलवर हात ठेवला.

"रत्नाक्का आल्यात," ते म्हणाले.

अंगणातली दोरी दोन वर्षांत सैल होऊन जमिनीला टेकली होती. टॉवेल टाकला असता तर मातीत लोळला असता. मी ती खिळ्यावरून सोडवली, ताणली आणि दोन वेढे देऊन पक्की गाठ मारली.