मलईचा पुरावा

'म'चा खंड शुक्रवारी छापायला जाणार होता आणि 'मलई' अडली होती. दुधावरची नव्हे, तिचे पुरावे ढिगाने होते. अडली होती ती टेबलाखालची. त्या अर्थाचं एकही कार्ड शब्दकोश कार्यालयात नव्हतं.

"दूध सगळ्यांचं, पण तापलं की वरचा थर वरच्यांचा. तिथूनच आला असणार हा अर्थ," शब्दमास्तर म्हणाले. तीस वर्षं ते कार्डं लिहीत होते.

"तर्क नको, मास्तर. बोलणाऱ्याचं वाक्य, तारीख आणि सही. नाहीतर अर्थ गाळा," संपादकबाईंनी सांगितलं.

मास्तर महिनाअखेर निवृत्त होणार होते. कोशात त्यांनी स्वतः शोधलेला असा हा एकच अर्थ. तो ते असा सोडणार नव्हते.

हा शब्द त्यांनी परवाना कार्यालयात स्वतःच्या कानांनी ऐकला होता. बुधवारी ते तिथल्या खिडकीशी उभे राहिले.

"शब्दकोशातून आलोय. तुमच्यात 'मलई' कोण म्हणतं? एका वाक्यात वापरून दाखवा आणि इथे सही करा."

असलं काहीतरी नाव सांगून लाचलुचपत खात्याचे लोक येतात, हे कारकुनाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कोणती मलई, साहेब?"

"ते तुम्हीच सांगायचं. आम्ही अर्थ सुचवत नाही. घाबरू नका, नाव छापून येईल."

कारकून जो उठला तो थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत. मास्तरांना खुर्ची आली. मागोमाग साहेब आले.

"आमच्याकडे तसलं काही नाही हो. चहासुद्धा घरून आणतो आम्ही."

"चहापाणी? तोही शब्द हवाच आहे," म्हणत मास्तरांनी दुसरं कार्ड काढलं.

साहेबांनी तिथल्या तिथे फायली मागवल्या. वर्षभर अडकलेल्या फायली तासाभरात निघाल्या. रांगेतल्या लोकांनी मास्तरांना हात जोडले. कार्डावर वाक्य मात्र कोणीच लिहून दिलं नाही, आणि मास्तर कोरं कार्ड घेऊन परतले.

शुक्रवारी ते जड हाताने तो अर्थ खोडायला बसले, तोच शिपायाने परवाना कार्यालयाचं पत्र आणून दिलं.

'या कार्यालयात टेबलाखालून घेतलेल्या पैशांना "मलई" असे कोणीही, कधीही म्हणत नाही.' खाली तारीख, शिक्का आणि सतरा सह्या.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "मास्तर, हे तर नाही म्हणतायत."

"हो, बाई." मास्तरांचे डोळे भरून आले होते. "पण पैशांचं मी त्यांना बोललोच नव्हतो."